विश्लेषण : आदल्या वर्षी १३ विजय, पुढच्या वर्षी १० पराभव... फ्लोरिडा स्टेटच्या कॉलेज फुटबॉल संघाची घसरगुंडी कशामुळे?

२४ ऑगस्ट २०२४. आयर्लंडची राजधानी डब्लिनमधील ॲव्हिव्हा स्टेडियम. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलचा नवा हंगाम त्या दिवशी अटलांटिक महासागराच्या पलीकडे सुरू होत होता. एका बाजूला फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ होता. हंगामपूर्व क्रमवारीत तो दहाव्या स्थानी होता आणि आदल्या वर्षी त्याने सलग १३ सामने जिंकले होते. समोर होता जॉर्जिया टेकचा संघ, ज्याला फारसे कोणी मोजत नव्हते. गुणफलक २१-२१ असा बरोबरीत असताना घड्याळातील शेवटचे क्षण उरले आणि जॉर्जिया टेकच्या खेळाडूने ४४ यार्डांवरून मारलेला चेंडू गोलखांबांच्या मधून गेला. फ्लोरिडा स्टेट २१-२४ असे हरले. पहिलाच सामना आहे, सावरतील, असे त्या वेळी बहुतेकांना वाटले. मात्र त्यानंतरच्या तीन महिन्यांत हा संघ १२ पैकी १० सामने हरला. श्रीमंत, नावाजलेला आणि तीन वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला संघ एका वर्षात इतका खाली कसा येतो? आणि या पराभवांची किंमत नेमकी कोण मोजतो? त्याचा हा आढावा.

कॉलेज फुटबॉल म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे आणि प्रतिस्पर्ध्याची शेवटची रेषा ओलांडून ‘टचडाउन’ करायचे, असा हा खेळ. संघाचा सूत्रधार म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचे हे दोन-तीन सेकंदांत तो ठरवतो.

व्यावसायिक लीग म्हणजे ‘एनएफएल’. तिच्याखालची पायरी विद्यापीठांची. पण ही पायरी आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांसारखी रिकाम्या गॅलरीसमोर खेळली जात नाही. सर्वोच्च गटात १३० हून अधिक विद्यापीठे आहेत. अनेकांची मैदाने ८० हजार ते एक लाख प्रेक्षकांची आहेत आणि प्रक्षेपण हक्कांचे करार अब्जावधी डॉलरचे. नियमित हंगामात प्रत्येक संघ साधारण १२ सामने खेळतो. किमान सहा जिंकले तर हंगामाच्या शेवटी होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांपैकी एखाद्याचे निमंत्रण मिळू शकते. सहापेक्षा कमी म्हणजे हंगाम वाया, असा साधा हिशेब. सामने इतके कमी असल्याने प्रत्येक पराभव महागात पडतो. आयपीएलमध्ये १४ साखळी सामन्यांतील सहा हरूनही बाद फेरी गाठता येते. इथे दोन हरले तरी विजेतेपदाच्या शर्यतीतले स्थान धोक्यात येते.

फ्लोरिडा स्टेटचे या खेळातील स्थान काय?

फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी येथे हे सरकारी विद्यापीठ आहे. १९४७ पर्यंत ते केवळ मुलींसाठीचे महाविद्यालय होते. त्या वर्षी मुलांना प्रवेश खुला झाला आणि फुटबॉल संघही सुरू झाला. पहिल्या हंगामात पाचपैकी पाच सामने हरले. १९७३ मध्ये तर ११ पैकी ११ पराभव वाट्याला आले आणि १९७४ मध्ये जेमतेम एक विजय मिळाला. १९७६ मध्ये बॉबी बाउडन प्रशिक्षक म्हणून आले आणि चित्र पालटले. ते २००९ पर्यंत तिथे राहिले. १९९३ आणि १९९९ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या काळातली. तिसरे २०१३ मध्ये जिंबो फिशर यांच्या काळात मिळाले. १९८२ पासून २०१७ पर्यंत सलग ३६ वर्षे हा संघ बोल सामना खेळला.

घरच्या मैदानावर सामन्याआधी घोड्यावर स्वार होऊन एक विद्यार्थी येतो आणि मैदानाच्या मध्यभागी जळता भाला रोवतो. हे दृश्य अमेरिकेतील क्रीडाप्रेमींच्या ओळखीचे आहे. २०२४ मध्ये हा भाला ज्या डोक कॅम्पबेल स्टेडियममध्ये रोवला जात होता, तिथे सुमारे २६.५ कोटी डॉलर खर्चाचे नूतनीकरण सुरू होते. एकीकडे उंची आसनांचे बांधकाम चालू होते आणि दुसरीकडे संघ हरत होता.

२०२३ मध्ये असे काय घडले होते?

प्रशिक्षक माइक नॉरव्हेल २०१९ च्या अखेरीस मेम्फिस विद्यापीठातून इथे आले. त्यांची पहिली दोन वर्षे खडतर गेली. २०२० मध्ये नऊपैकी सहा आणि २०२१ मध्ये १२ पैकी सात सामने संघाने गमावले. २०२२ मध्ये १० विजय मिळाले आणि २०२३ मध्ये संघाने नियमित हंगामातील १२ च्या १२ सामने जिंकले. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस या यशाचा कणा होता. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या सामन्यात त्याच्या पायाला गंभीर दुखापत झाली. तरीही उरलेल्या संघाने फ्लोरिडाला हरवले आणि २ डिसेंबरला लुइव्हिलवर १६-६ अशी मात करून आपल्या परिषदेचे, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे (एसीसी) विजेतेपद पटकावले. १३ सामने, १३ विजय.

दुसऱ्या दिवशी निवड समितीने राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीसाठी चार संघ जाहीर केले. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा. यांपैकी टेक्सास व अलाबामा यांनी प्रत्येकी एक सामना गमावला होता. एकही न हरलेले फ्लोरिडा स्टेट मात्र बाहेर. मोठ्या पाच परिषदांपैकी एकीचा अपराजित विजेता वगळला जाण्याची ती पहिलीच वेळ. ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे त्यामागचे कारण. मैदानावर जे जिंकले त्याला अर्थ काय, हा प्रश्न त्या दिवशी देशभर विचारला गेला.

त्यानंतर ३० डिसेंबरला ऑरेंज बोलमध्ये गाठ पडली जॉर्जियाशी. एनएफएलची तयारी, दुखापती आणि इतर विद्यापीठांत जाण्याचा निर्णय अशा कारणांनी फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत. निकाल ३-६३. बोल सामन्यांच्या इतिहासातील हा सर्वाधिक गुणफरक. कागदावर हा २०२३ च्या हंगामाचा शेवट होता, पण पुढच्या हंगामाची चाहूल त्यातच होती.

२०२४ चा हंगाम सामन्यागणिक कसा गेला?

डब्लिनहून परतल्यावर घरच्या मैदानावर बॉस्टन कॉलेजने २८-१३ असे हरवले. मग मेम्फिस २०-१२. हे तेच मेम्फिस, जिथून नॉरव्हेल आले होते. चौथ्या सामन्यात कॅलिफोर्नियावर १४-९ असा कसाबसा विजय मिळाला आणि पुन्हा उतार सुरू झाला. सदर्न मेथडिस्ट (एसएमयू) विरुद्ध १६-४२, क्लेम्सनविरुद्ध १३-२९. मग ड्यूकविरुद्ध १६-२३. ड्यूकशी त्याआधी झालेल्या २२ सामन्यांत फ्लोरिडा स्टेट एकदाही हरले नव्हते. पारंपरिक प्रतिस्पर्धी मायामीने ३६-१४, नॉर्थ कॅरोलिनाने ३५-११ आणि नोटर डेमने ५२-३ असा धुव्वा उडवला. खालच्या गटातील चार्ल्सटन सदर्नवर ४१-७ असा विजय मिळाला आणि शेवटी फ्लोरिडाने ३१-११ असे हरवून हंगामावर पडदा टाकला.

एकूण हिशेब असा. १२ सामन्यांत १८५ गुण केले आणि ३३६ दिले. म्हणजे सामन्यामागे सरासरी १५.४ केले आणि २८ दिले. आदल्या वर्षीच्या १३ विजयी सामन्यांत हीच कमाई सरासरी ३७ होती. चार्ल्सटन सदर्नचा सामना बाजूला ठेवला तर २०२४ ची सरासरी १३ च्या आसपास येते. डब्लिनमध्ये केलेले २१ गुण हाच सर्वोच्च गटातील संघाविरुद्धचा त्या हंगामातील उच्चांक ठरला. त्यानंतर तशा कोणत्याही संघाविरुद्ध १६ च्या पुढे मजल गेली नाही. दोन विजय ही १९७४ नंतरची सर्वांत वाईट कामगिरी होती.

मग हे केवळ दुर्दैव होते का?

खेळात नशिबाचा वाटा मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेले सामने वेगळे काढायचे. एका टचडाउनचे सहा आणि त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचे जास्तीत जास्त दोन, असे आठ गुण एकाच चालीच्या फेऱ्यात मिळू शकतात. म्हणजे हे सामने एखादा सुटलेला झेल किंवा खांबाला लागलेली किक यांवर फिरू शकले असते. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचे असे तीन सामने झाले : बॉस्टन कॉलेज, क्लेम्सन आणि मायामी. तिन्ही जिंकले. २०२४ मध्ये असे चार झाले : जॉर्जिया टेक, मेम्फिस, कॅलिफोर्निया आणि ड्यूक. त्यांतला एकच जिंकला, तीन गमावले.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, २०२३ चा संघ त्याच्या नोंदीत दिसतो तितका अजिंक्य नव्हता. अटीतटीच्या वेळी फासे त्याच्या बाजूने पडले होते. दोन, २०२४ चे हसे केवळ फाशांमुळे झालेले नाही. ते तीनही निसटते सामने जिंकले असते तरी नोंद पाच विजय आणि सात पराभव अशीच राहिली असती. उरलेले सात पराभव १५ ते ४९ गुणांच्या फरकाचे आहेत. त्यांना दुर्दैव म्हणता येत नाही. म्हणजे घसरणीचा एक भाग नशिबाचा आणि मोठा भाग संघबांधणीचा.

संघबांधणीत नेमके काय चुकले?

इथे ‘ट्रान्स्फर पोर्टल’ समजून घ्यावे लागते. पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या खेळाडूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०१८ मध्ये बदलीसाठी नाव नोंदवण्याची ऑनलाइन व्यवस्था आली. २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्यांना कितीही वेळा बदलीची मोकळीक मिळाली. शाळेतून मुले निवडायची आणि तीन-चार वर्षे घडवायची, ही जुनी पद्धत. आता दरवर्षी तयार खेळाडू उचलून आणता येतात.

नॉरव्हेल यांनी हे सर्वांत आधी ओळखले. २०२४ च्या एनएफएल निवडीत फ्लोरिडा स्टेटचे १० खेळाडू निवडले गेले. पहिल्या फेरीत १९ व्या क्रमांकावर गेलेला जेरेड व्हर्स, त्यानंतर कीऑन कोलमन, ब्रेडन फिस्क, ट्रे बेन्सन, स्वतः जॉर्डन ट्रॅव्हिस आणि इतर. या दहांपैकी नऊ जण आधी दुसऱ्या कुठल्या तरी विद्यापीठात होते. बचावपटू रेनार्डो ग्रीन तेवढा सुरुवातीपासून फ्लोरिडा स्टेटचा. थोडक्यात, २०२३ चा पराक्रम मुख्यतः बाहेरून आलेल्या आणि अनुभवी खेळाडूंनी घडवला होता.

हे गणित एका वर्षासाठी उत्तम चालते. अडचण दुसऱ्या वर्षी येते. अनुभवी खेळाडू एकाच वेळी निघून जातात आणि त्यांच्या मागे दोन-तीन वर्षे मुरलेली दुसरी फळी उभी नसते. पोर्टलमधून पुन्हा खरेदी करावी लागते आणि ती चुकली की हाती काहीच उरत नाही. ट्रॅव्हिसच्या जागी डीजे उइआंगालेलेई आला. क्लेम्सन आणि ओरेगॉन स्टेट असा प्रवास करून आलेला हा क्वार्टरबॅक. सुरुवातीच्या सामन्यांत त्याचा जम बसला नाही आणि हाताच्या दुखापतीने त्याचा हंगामच संपला. मग ब्रॉक ग्लेन आणि ल्यूक क्रोमेनहोक या दोन तरुण, अननुभवी खेळाडूंवर भार पडला. आक्रमणाची पुढची फळी दुखापतींनी विस्कळीत होती, त्यामुळे चेंडू घेऊन धावण्याचा खेळ जवळपास थांबला. धाव थांबली की प्रतिस्पर्ध्याला पुढची चाल फेकीची असणार हे आधीच कळते आणि नवख्या क्वार्टरबॅकला विचार करायला वेळच मिळत नाही. एक भाग निकामी झाला की त्याचा ताण पुढच्या भागावर येतो, तशी ही साखळी होती.

बचावफळीचेही तसेच झाले. आक्रमण तीन चालींत चेंडू परत देत असल्याने बचावपटूंना पुन्हा पुन्हा मैदानात उतरावे लागले. ते थकले आणि सामन्यांच्या उत्तरार्धात धावफलक वाढत गेला.

पोर्टल म्हणजे खलनायक का?

तसेही म्हणता येत नाही. त्याच २०२४ मध्ये इंडियाना विद्यापीठाने नेमका उलटा प्रवास केला. २०२३ मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव अशी त्यांची अवस्था होती. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातील अनेक खेळाडू सोबत घेऊन आले आणि ११ विजय, दोन पराभव अशी कामगिरी झाली. त्या वर्षीपासून विजेतेपदाच्या लढतीत चारऐवजी १२ संघांना प्रवेश मिळू लागला होता आणि त्यात इंडियाना पोहोचले. १२ संघांचा हा नियम एक वर्ष आधी असता, तर अपराजित फ्लोरिडा स्टेटला कुणी अडवले नसते.

फरक असा की, इंडियानाने एकत्र खेळलेला, एकाच पद्धतीत मुरलेला गट आणला. फ्लोरिडा स्टेटने गेलेल्या प्रत्येक खेळाडूच्या जागी एकेक नाव भरले. सुटे भाग उत्तम असले तरी ते एकमेकांत बसतात की नाही, हे यंत्र चालू केल्यावरच कळते.

इतके हरूनही प्रशिक्षक कसे टिकले?

याचे उत्तर जानेवारी २०२४ मध्ये आहे. अलाबामाचे ख्यातनाम प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेसाठी नॉरव्हेल यांचेही नाव चर्चेत आले. अपराजित हंगाम देणारा माणूस हातचा जाऊ नये म्हणून फ्लोरिडा स्टेटने त्यांना २०३१ पर्यंतचा नवा करार दिला. वर्षाला सरासरी एक कोटी डॉलरहून अधिक. सात महिन्यांनी डब्लिनचा सामना झाला.

अशा करारांत एक कलम असते. कारणाशिवाय मुदतीआधी काढले, तर उर्वरित मानधनाचा मोठा हिस्सा विद्यापीठाने द्यायचा. २०२४ च्या अखेरीस ही रक्कम सहा कोटी डॉलरच्या पुढे होती. रुपयांत ५०० कोटींहून अधिक. फ्लोरिडा स्टेटला याचा अनुभव नवा नाही. २०१९ मध्ये विली टॅगर्ट यांना दोन हंगामही पूर्ण होण्याआधी हटवले, तेव्हा सुमारे १.८ कोटी डॉलर द्यावे लागले होते. त्यांचे जुने प्रशिक्षक जिंबो फिशर यांना टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये काढले, तेव्हाचा आकडा साडेसात कोटी डॉलरच्या वर होता.

त्यामुळे कुऱ्हाड पडली ती खालच्या फांद्यांवर. नोटर डेमविरुद्धच्या ३-५२ पराभवाच्या दुसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबर २०२४ रोजी, आक्रमणाचे समन्वयक ॲलेक्स ॲटकिन्स, बचावाचे समन्वयक ॲडम फुलर आणि रिसीव्हर्सचे प्रशिक्षक रॉन डुगन्स यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आक्रमणासाठी गस मालझान आणि बचावासाठी टोनी व्हाइट आले. नॉरव्हेल यांनी २०२५ साठीच्या मानधनातील ४५ लाख डॉलर सोडून ते विद्यापीठाच्या क्रीडानिधीकडे वळवले. मैदानावरच्या चाली ठरवण्याचे कामही त्यांनी मालझान यांच्याकडे सोपवले.

विद्यापीठाचे काय पणाला लागले होते?

प्लेऑफमधून वगळल्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर २०२३ मध्ये, फ्लोरिडा स्टेट आणि एसीसी यांनी एकमेकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. वाद पैशांचा. एसीसीचा प्रक्षेपण करार २०३६ पर्यंतचा आहे आणि त्यातून मिळणारे उत्पन्न ‘एसईसी’ आणि ‘बिग टेन’ या दोन बलाढ्य परिषदांच्या तुलनेत बरेच कमी. या दरीमुळे आपण कायमचे मागे पडू, असे फ्लोरिडा स्टेटचे म्हणणे. परिषद सोडायची तर प्रचंड दंड. त्याच सुमारास एसीसीने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड यांच्यासह टेक्सासमधील एसएमयूलाही सामावून घेतले. एसएमयूने तर प्रवेशासाठी नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या पैशांवर पाणी सोडले. फ्लोरिडा स्टेट ‘आम्हाला जास्त वाटा हवा’ असे न्यायालयात सांगत असताना मैदानावर फुकट आलेल्या या एसएमयूने त्यांना २६ गुणांनी हरवले.

मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा मोठा भाग आता प्रेक्षकसंख्येच्या पाच वर्षांच्या सरासरीवर वाटला जाणार आहे. परिषद सोडण्याचा दंडही निश्चित झाला. २०२६ मध्ये १६.५ कोटी डॉलर आणि पुढे दरवर्षी कमी होत २०३०-३१ पर्यंत ७.५ कोटी. याचा अर्थ असा की, पुढची काही वर्षे फ्लोरिडा स्टेटला स्वतःची किंमत टिकवून ठेवायची आहे. एखादा वाईट हंगाम नावाच्या बळावर खपून जातो. पण हरणारा संघ वर्षानुवर्षे कोण पाहील?

आणि खेळाडूंचे?

२०२१ पर्यंत या खेळाडूंना शिष्यवृत्तीखेरीज अधिकृतपणे काही मिळत नसे. जुलै २०२१ पासून स्वतःचे नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २.०५ कोटी डॉलर. त्यामुळे हा आता ‘हौशी’ खेळ राहिलेला नाही. पण प्रशिक्षकासारखी सात-आठ वर्षांची हमी खेळाडूला मिळत नाही. त्याच्या हाती चार-पाच हंगाम असतात. त्यातला एक वाया गेला, तर त्याच्या आयुष्यातील संधीचा पाव हिस्सा गेला. जॉर्डन ट्रॅव्हिसला न्यूयॉर्क जेट्सने पाचव्या फेरीत निवडले खरे, पण त्या पायाने साथ दिली नाही. एनएफएलमध्ये एकही सामना न खेळता एप्रिल २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

सलग हरणारे संघ अमेरिकेने यापूर्वीही पाहिले आहेत. टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाचा संघ १९८९ ते १९९८ या काळात सलग ८० सामने हरला. आर्थिक गोंधळामुळे १९९० मध्ये संघच बंद होता आणि पुन्हा सुरू झाला तो शिष्यवृत्तींविना. २६ सप्टेंबर १९९८ रोजी लँग्स्टनवर १४-१२ असा विजय मिळाला आणि मालिका तुटली. नॉर्थवेस्टर्न १९७९ ते १९८२ दरम्यान सलग ३४ सामने हरले आणि १९९५ च्या हंगामात थेट बिग टेनचे विजेते ठरले. प्रेअरी व्ह्यूची मुले हाती काहीच नसताना हरत होती. फ्लोरिडा स्टेटकडे पैसा, मैदान, नाव, सगळे होते. त्यामुळेच त्यांच्या पराभवाचे इतके विच्छेदन झाले.

मग सुधारणा झाली का?

३० ऑगस्ट २०२५ रोजी टॅलाहासीत अलाबामाविरुद्धच्या सामन्याने नवा हंगाम सुरू झाला. फ्लोरिडा स्टेट ३१-१७ असे जिंकले आणि प्रेक्षक मैदानात उतरले. त्या दिवशीचा क्वार्टरबॅक होता टॉमी कॅस्टेलानोस. वर्षभरापूर्वी याच मैदानावर बॉस्टन कॉलेजकडून खेळत फ्लोरिडा स्टेटला हरवणारा तोच. पोर्टलच्या युगात कालचा प्रतिस्पर्धी आजचा नायक होतो, तो असा.

पहिले तीन सामने जिंकले. मग व्हर्जिनियाविरुद्ध दुसऱ्या जादा डावात ३८-४६ असा पराभव झाला आणि गाडी पुन्हा घसरली. शेवटच्या नऊ सामन्यांत केवळ दोन विजय मिळाले. एकूण पाच विजय, सात पराभव. बोल सामना सलग दुसऱ्या वर्षी हुकला. आठ गुणांच्या आतले सामने पुन्हा वेगळे काढले तर या वेळी असे चार होते : व्हर्जिनिया, मायामी, पिट्सबर्ग आणि स्टॅनफर्ड. चारही गमावले. तीन वर्षांचा हा हिशेब एकत्र मांडला तर तीनपैकी तीन, चारपैकी एक आणि चारपैकी शून्य असा दिसतो. २०२४ मध्ये निसटते सामने जिंकूनही फरक पडला नसता. २०२५ मध्ये मात्र तेच जिंकले असते तर नऊ विजय झाले असते. म्हणजे संघ सुधारला होता. गुणतालिकेत ती सुधारणा उतरली नाही, इतकेच.

विद्यापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नॉरव्हेल यांना आणखी एक हंगाम कायम ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांना काढण्याची किंमत तेव्हाही पाच कोटी डॉलरच्या पुढे होती. त्यांच्यावरचा विश्वास किती आणि कराराचा धाक किती, हे त्या निर्णयातून वेगळे काढता येत नाही. डब्लिनच्या त्या मैदानावर उतरलेल्या संघातील बहुतेक मुले मात्र आता तिथे नाहीत. कुणी पदवी घेऊन गेले, कुणी दुसऱ्या विद्यापीठात, कुणाचा खेळच सुटला. त्यांच्या नावापुढे ती नोंद कायम राहील : सामने १२, विजय दोन.